तात्यांचं पॅराशूट

वारशात आलेलं लष्करी पॅराशूट ओळखायचं असेल, तर त्याच्याबरोबर आलेली घरातली गोष्ट आधी बाजूला ठेवावी लागते. आमच्या घरातली गोष्ट अशी: आईचे काका, आम्हा सगळ्यांचे तात्या, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिथे त्यांनी विमानातून उडी घेतली आणि ज्या पॅराशूटने जीव वाचवला ते जन्मभर जपून ठेवलं. ही गोष्ट मी मामांकडून ऐकली, मावशीकडून ऐकली, ज्यांची नावंही मला नीट आठवत नाहीत अशा नातलगांकडून ऐकली. तात्यांच्या तोंडून मात्र कुणीच ऐकली नव्हती. त्यांचा स्वभावच अबोल, असं म्हणून सगळे ती पुढे सांगत राहिले.

तात्या गेल्यावर ते गाठोडं त्यांच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे राहिलं आणि आता तिच्याकडून माझ्याकडे आलं. "तुला शिवणातलं कळतं, तूच बघ नक्की काय आहे ते," ती म्हणाली. तिचं खरंच होतं. पॅराशूट म्हणजे शेवटी शिवलेलं कापड. त्याला बेत आहे, कापणी आहे, टाका आहे, शिवणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा हात आहे. आणि कापडाला जे विचारावं ते ते प्रामाणिकपणे सांगतं, कुणाचं मन राखण्यासाठी बदलून सांगत नाही.

पहिला प्रश्न असतो तो माणसाचं की सामानाचं, हा. लष्करात पॅराशूटं शेकडो कामांना लागत. छत्रीसैनिकासाठी वेगळं, वैमानिकाच्या बचावासाठी वेगळं, दारूगोळ्याच्या पेटीसाठी वेगळं. रात्री उजेड पाडणाऱ्या फ्लेअरचं इवलंसं असतं आणि धावपट्टीवर विमानाचा वेग मारणारं पट्ट्यापट्ट्यांचं, चिरा ठेवलेलं असतं. घरोघरी आजोबांनी जपलेल्या पॅराशूटांत माणसाची किती आणि बाकीची किती, याचा हिशेब कुणी मांडला तर पुष्कळ घरांतल्या गोष्टी बदलाव्या लागतील असं मला वाटतं.

माणसाच्या पॅराशूटला हार्नेस असतो, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांभोवतीचे जाड पट्टे. हार्नेस सापडला तर अर्धं काम झालं, कारण प्रत्येक सैन्याची पद्धत निराळी होती. ब्रिटिशांच्या एक्स-टाइप पॅराशूटला छातीवर एक गोल पेटी असे. तिची तबकडी फिरवून वर थाप मारली की पट्टे एकदम सुटत. अमेरिकनांच्या टी-५ला ती सोय नव्हती. जमिनीवर उतरलेल्या सैनिकाला छातीचा आणि दोन्ही मांड्यांचे हुक एकेक करून सोडवावे लागत आणि तेवढ्या वेळात समोरून गोळ्या चालू असत. पुढे टी-७मध्ये त्यांनीही एका ठिकाणाहून सुटणारी पेटी आणली. जर्मनांच्या आरझेड मालिकेत तर सगळ्या दोऱ्या पाठीवर एकाच जागी जोडलेल्या. त्यामुळे जर्मन सैनिक पुढे झुकलेला खाली येई आणि हातांवर-गुडघ्यांवर आदळे. त्यांच्या गुडघ्यांवर जाड गाद्या दिसतात त्या म्हणूनच. वैमानिकाच्या पॅराशूटला हाताने ओढायची रिपकॉर्ड असते. छत्रीसैनिकाचं पॅराशूट विमानातल्या तारेला अडकवलेल्या स्टॅटिक लाइनने आपोआप उघडतं.

आमच्या गाठोड्यात हार्नेस नव्हता. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पट्टे चांगले मजबूत असतात, लोक ते काढून इतर कामांना वापरतात. म्हणून मी छत्रीकडे वळले.

पॅराशूट मोजायचं ते जमिनीवर पसरून, बंद खोलीत. वाऱ्यात उघडायचा मोह धरू नये. जुनं कापड फाटतं, आणि नाही फाटलं तर माणसाला ओढून नेतं. गोल पॅराशूट त्रिकोणी पट्ट्या जोडून बनतं. परकराला जशा कळ्या जोडतात तशाच या कळ्या: वर निमुळत्या, खाली रुंद. माथ्यावर सगळ्या एकत्र येतात तिथे मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून थोडी हवा निसटत राहते आणि छत्री डोलायची कमी होते. या भोकाच्या मध्यापासून खालच्या किनारीपर्यंत शिवणीच्या रेषेत मोजायचं आणि दुप्पट करायचं. हा झाला व्यास. मग एका कळीची किनारीवरची रुंदी मोजायची, कळ्यांच्या संख्येने गुणायची आणि ३.१४ने भागायचं. दोन्ही उत्तरं जुळली तर छत्री सपाट वर्तुळाच्या बेताची आहे. दुसरं उत्तर लक्षणीय कमी आलं, तर किनार आत ओढून घेतलेली आहे, म्हणजे बेत घुमटाचा आहे आणि बहुधा काळ नंतरचा. १९५०च्या दशकात आलेलं अमेरिकन टी-१० असं आहे: ३५ फुटांचं, ३० कळ्यांचं आणि ३० दोऱ्यांचं. महायुद्धातलं टी-५ सपाट, २८ फुटांचं, २८ कळ्यांचं. ब्रिटिश एक्स-टाइपही २८ फुटांचंच. चार रंगांच्या कळ्या निघाल्या, म्हणजे नारिंगी, पांढरा, वाळूचा आणि हिरवा, तर ते अमेरिकन वैमानिकांच्या बचावाचं सी-९ असण्याची शक्यता मोठी. जंगलात पडलेल्या वैमानिकाने नारिंगी भाग शोधायला येणाऱ्यांना दाखवायचा आणि हिरव्याखाली शत्रूपासून लपायचं, असा त्यामागचा विचार.

आमच्या छत्रीला कळ्या १६. प्रत्येकीची किनारीवरची रुंदी साडेतीन फूट. म्हणजे घेर ५६ फूट आणि व्यास १८ फुटांच्या जवळपास. दुसऱ्या बाजूने मोजूनही १८च आला. बेत सपाट.

इथे मी टेप खाली ठेवली. १८ फूट आणि २८ फूट हा फरक कागदावर दहाचा दिसतो, पण पॅराशूटला धरून ठेवतं ते क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १८ फुटी छत्री २८ फुटीच्या जेमतेम ४१ टक्के भरते. तेवढ्याच वजनाचा माणूस तिला लटकला तर दीडपटीहून अधिक वेगाने खाली येईल आणि जमिनीवर आदळण्याची ऊर्जा जवळजवळ अडीचपट होईल. कुठलंही सैन्य आपल्या जवानाला असं उतरवत नाही. पिठाच्या, गोळ्यांच्या, औषधांच्या गठ्ठ्याला मात्र ते चालतं.

कापडानेही तेच सांगितलं. पॅराशूटचं कापड ओळखायला कडेच्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा पुरतो. चिमट्यात धरून जाळायचा, मूळ कापडापासून लांब. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉन जळण्याआधी वितळतं, त्याचा कडक मणी होतो. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात. नायलॉन निघालं तर काळाची खालची मर्यादा लगेच कळते. नायलॉन हा १९३५चा शोध. त्याच्या पॅराशूटने माणसाने पहिली उडी घेतली ती ६ जून १९४२ला, अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड इथे. उडी घेणारी होती ॲडलिन ग्रे, पॅराशूटच्या कारखान्यात काम करणारी तरुणी. त्याआधी माणसांची छत्री म्हणजे बहुतेक रेशीम, आणि रेशमाचा सर्वांत मोठा पुरवठादार जपान. जपान युद्धात उतरला आणि दोस्तांचं रेशीम तुटलं. आपल्याकडे म्हैसूर आणि काश्मीरच्या रेशमाला एकाएकी मागणी आली ती त्या काळात. उरलेलं रेशीम आणि नवं नायलॉन आधी माणसांसाठी, आणि सामानाला सूत, रेयॉन, असा तो क्रम होता.

आमचा धागा कागदासारखा जळला. सूत.

मग शिक्के. पॅराशूटवर ते सहसा किनारीजवळ किंवा माथ्याच्या भोकाभोवती असतात: बनवणाऱ्याचं नाव, नग क्रमांक, तारीख, तपासनिसाचा छोटा शिक्का. शाई फिकी पडलेली असते, म्हणून उजेड वरून न पाडता बाजूने तिरका पाडावा. तीन रेघा वर एका टोकाला मिळालेला बाण दिसला तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्ता. तो बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा, दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. नंतरच्या काळातल्या वस्तूवर १३ आकडी क्रमांक सापडला तर आणखी सोपं. सुरुवातीचे १६७० हे चार आकडे पॅराशूट आणि हवाई पुरवठ्याच्या साहित्याचे, त्यापुढचे दोन देशाचे. ०० किंवा ०१ अमेरिकेचे, ९९ ब्रिटनचे, ७२ भारताचे. म्हणजे घरात "१९४४चं" म्हणून आलेल्या छत्रीवर असा क्रमांक दिसला, तर ती युद्धानंतरची आहे हे न भांडता मान्य करावं.

आमच्या किनारीवर बाण होता आणि १९४४ होतं. रंग मूळचा कोणता ते मळाने ओळखू येत नव्हतं, आणि रंगावर मी फार भरवसाही ठेवणार नव्हते. सामानाच्या छत्र्यांना रंग असत ते आत काय आहे हे खालच्यांना लांबून कळावं म्हणून, पण रंगाचा आणि मालाचा मेळ सैन्यागणिक, आघाडीगणिक बदलत असे. दोऱ्यांनी मात्र एक गोष्ट सांगितली. त्या सुटलेल्या किंवा कुजून तुटलेल्या नव्हत्या. खालच्या टोकाला सगळ्या एका उंचीवर, सुरीने कापलेल्या होत्या. घाईत कुणीतरी गठ्ठा मोकळा केला होता. हे पॅराशूट गोदामात पडून राहिलेलं नव्हतं, कुठेतरी पडून त्याने आपलं काम केलं होतं.

१९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सामानाचं पॅराशूट म्हणजे काय होतं, हे समजून घेतल्यावर माझा या वस्तूविषयीचा आदर वाढला. त्याआधीची दोन वर्षं तिथली लढाई एका साध्या गणितावर हरली जात होती. जपानी तुकड्या जंगलातून वळसा घालून मागचा रस्ता तोडत, रसद बंद झाली की आपले सैनिक मागे हटत. फेब्रुवारी १९४४मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानात सातव्या भारतीय डिव्हिजनला असाच वेढा पडला आणि या वेळी ती हटली नाही, कारण जेवण आणि गोळ्या वरून येत होत्या. त्यानंतर इंफाळ आणि कोहिमा. इंफाळचा रस्ता २२ जूनला मोकळा होईपर्यंत तिथल्या सैन्याला विमानांनी सुमारे १९,००० टन सामान पोचवलं. इंफाळला धावपट्ट्या होत्या, विमानं उतरू शकत. कोहिमाच्या टेकडीवर ती सोय नव्हती. तिथल्या त्या वेळच्या छायाचित्रांत तोफांनी सोललेल्या झाडांच्या खोडांवर पॅराशूटं अडकून लोंबताना दिसतात. टेकडीवरचा आपला भाग इतका अरुंद की टाकलेल्या गठ्ठ्यांतले कित्येक जपान्यांच्या हाती पडत आणि त्यातले उखळी तोफांचे गोळे ते परत आपल्यावरच टाकत. मार्च १९४४मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला तेच. तिथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही लढत होती. पाणी संपत आलेलं आणि वरून पडणारं बरंचसं सामान शत्रूच्या बाजूला जाताना डोळ्यांनी बघायचं. पॅराशूट सैनिकांची ब्रिगेड, पण तीही तिथे पायीच लढली. ब्रह्मदेशात भारतीय छत्रीसैनिकांची मोठी लढाऊ उडी झाली ती १ मे १९४५ला, रंगूनच्या तोंडाशी एलिफंट पॉइंटवर, आणि ती गुरख्यांची होती.

तेव्हा छत्र्यांचा इतका तुटवडा होता की चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांना गाठलं. त्यांनी तागाचं पॅराशूट बनवून दिलं, दोऱ्यासुद्धा तागाच्या. नेहमीच्या पॅराशूटला २० पौंडांवर खर्च येई, याला पौंडाहून थोडा जास्त. माणसासाठी ते नव्हतंच, पण सामान नीट उतरवत होतं. धान्याची पोती तर कित्येकदा छत्रीशिवायच टाकत. एका पोत्यात दुसरं सैल पोतं, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरच्यात दाणे राहावेत. छत्री राखून ठेवायची ती फुटणाऱ्या आणि पेटणाऱ्या मालासाठी. आमच्या गाठोड्यातल्या सुती छत्रीला त्या दिवसांत केवढं मोल होतं, हे यावरून ध्यानात यावं.

आता हे मावशीला सांगायचं होतं. मी तात्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून मोकळं होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, मागवून घेतलं होतं. त्यात पलटणीऐवजी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर होती, म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणारं दल. याच दलाच्या तुकड्या कोमिल्ला, आगरतळा अशा विमानतळांवर गठ्ठे बांधत, छत्र्या जोडत, डाकोटा विमानांत चढवत आणि त्यातलीच माणसं विमानातून जाऊन ते खाली सोडत. मी मावशीसमोर छत्री पसरली, मापं दाखवली, कापलेल्या दोऱ्या दाखवल्या.

"म्हणजे त्यांनी उडी मारलीच नाही?" ती म्हणाली.

"या छत्रीने तर नाही मारली, मावशी. ही माणसाची नाहीच."

ती बराच वेळ किनारीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांची पाठ धरायची ना नेहमी. मी तेल लावायचे. तेव्हा म्हणायचे, पाठीवर पडून पायांनी ढकललीत ना पोती, ती अजून पाठीत आहेत. मला वाटायचं ट्रकमधून ढकलत असतील."

डाकोटाच्या डाव्या बाजूचं दार अशा फेऱ्यांसाठी काढूनच ठेवत. मोकळ्या दाराशी गठ्ठे रचायचे, विमान दऱ्यांतून काही शे फुटांवर खाली यायचं, खूण झाली की माणसांनी आतल्या बाजूला पाठ टेकून पायांनी गठ्ठे बाहेर लोटायचे. एका घिरटीत सगळं जात नसे. पुन्हा वळून यायचं, पुन्हा तेच, आणि खालून शत्रूला एव्हाना विमानाची वाट कळलेली. लोटणाऱ्यांच्या हातात बंदूक नसे. मावशीला मी हे सांगत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "त्या विमानाला दार नव्हतं, असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो. दार नसलेलं विमान असतं का कुठे?" तिच्या बोलण्यातून एकेक येत गेलं. वळताना घसरणारी पोती, वाऱ्याने बधिर होणारे पाय, खालची झाडं. सगळं दारापर्यंतचं. जमिनीवर उतरल्याची एकही आठवण त्यात नव्हती. तात्या अबोल होते हे खरं नाही. ते सांगत होते, पण ऐकणाऱ्यांना उडी हवी होती.

मावशीच्या नातवाला हे रुचलेलं नाही. उडी हीच शूराची खूण, असं त्याचं म्हणणं, आणि सामान ढकलणं म्हणजे हमाली. मी त्याला सांगशाकचं सांगितलं, कोहिमाचं सांगितलं. वेढ्यात पाण्याच्या घोटासाठी आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या जवानाला हमाल कोण आणि शूर कोण हे विचारून बघ, म्हटलं. त्याला पटायला वेळ लागेल. मी पुन्हा सांगेन.

छत्री आता माझ्याकडे आहे. धुतलेली नाही. धुतलं तर शाई जाते, आणि मळही पुरावाच असतो. प्लास्टिकमध्ये ठेवलं तर सुताला बुरशी धरते, म्हणून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळली आहे. एकाच घडीवर कापड चिरतं म्हणून अधूनमधून घड्या बदलते. ज्यांच्याकडे नायलॉनची असेल त्यांनी उन्हापासून जपावी, ऊन त्याचा जोर खातं. आणि कुठल्याही जुन्या छत्रीला माणसाने लटकू नये, मुलांना तर मुळीच लटकू देऊ नये. गाठोड्यात छत्रीबरोबर एखादी धातूची नळी किंवा काडतुसासारखं काही निघालं तर हात न लावता पोलिसांना बोलवावं. फ्लेअरच्या आणि वैमानिकाच्या आसनाच्या सामानात स्फोटक भाग असू शकतात.

डिस्चार्ज बुकमध्ये तात्यांच्या कंपनीचा क्रमांक आहे. आग्नेय आशियातल्या त्या आघाडीवरच्या तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, डब्ल्यूओ १७२ या मालिकेत ठेवलेल्या आहेत. मी त्या कंपनीचं १९४४चं वर्ष मागवलं आहे. मावशीने विचारलं, "त्यात बाबांचं नाव असेल?" साध्या शिपायांची नावं तिथे क्वचितच येतात, हे मी तिला सांगितलं. तारीख असते, विमानतळ असतो, किती विमानं गेली आणि किती टन सामान टाकलं ते असतं. "चालेल," ती म्हणाली. "आलं की मला वाचून दाखव. टनांसकट."